माळावरची ‘ती तपकिरी’ कोण? मादी पक्षी ओळखण्याबद्दल

तरवड (पुणे)

दिवाळी सरली की इथे माळरानातल्या पक्ष्यांचे फोटो यायला लागतात. कवड्या गप्पीदासाचा काळाकुट्ट नर, थिरथिऱ्याचा नर, राखाडी भोवत्याचा (हॅरियर या शिकारी पक्ष्याचा) नर. फोटो सुरेख असतात. पण त्याच काटेरी कुंपणावर, त्याच बाभळीवर बसलेली मादी फोटोत क्वचितच असते आणि यादीत त्याहून क्वचित. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘होती एक तपकिरी, नक्की कळली नाही म्हणून सोडून दिली.’ सोडून दिलेल्या त्या पक्ष्यांसाठी हा धागा.

माझं म्हणणं असं की मादी अवघड वाटते, कारण आपण तिला नरावरून ओळखायला जातो. नराची ठळक खूण मनात घेऊन माळावर जायचं आणि ती खूण मादीवर शोधायची. ती सापडत नाही, मग ‘काहीच खूण नाही’ असं वाटतं. मादीला खुणा असतात, फक्त त्या दुसऱ्या जागी असतात. कंबर, शेपटी, शेपटीखालचा भाग, चोचीची ठेवण, बसण्याची ढब हे सगळं आधी बघायचं. अंगाचा एकूण रंग अगदी शेवटी.

सुपे-सासवड पट्ट्यातल्या कुठल्याही पडीक रानात हिवाळ्यात चार तपकिरी माद्या हमखास भेटतात: चिरक, थिरथिरा, कवड्या गप्पीदास आणि परदेशातून येणारा सायबेरियन गप्पीदास. चौघी चिमणीएवढ्या किंवा जराशा लहान-मोठ्या, चौघी बांधावर नाहीतर झुडपाच्या शेंड्यावर.

चिरकची मादी ओळखायला तिच्या शेपटीखाली बघा. तिथे विटकरी ठिपका असतो, आणि शेपटी लांब, बहुतेक वेळ वर उचललेली. ती जमिनीवर जास्त असते, दगडांतून, घरांच्या आसपास पळत फिरते. थिरथिऱ्याच्या मादीची शेपटीच नारिंगी, मधली पिसं गडद, आणि ती शेपटी सतत थरथरत असते. पक्षी पाठमोरा असला तरी तेवढ्यावर काम होतं.

खरी अडचण दोन गप्पीदासांची. कवड्याची मादी एकसारखी गडद मातकट, पाठीवर रेघा जवळजवळ नाहीत, शेपटी काळपट आणि कंबर गंजासारखी तांबूस. सायबेरियनच्या मादीची पाठ रेघारेघांची, पोट फिकट नारिंगी झाक असलेलं, गळा फिकट आणि पंखावर आतल्या बाजूला छोटा पांढरा डाग. उडाली की कंबरही फिकट दिसते. जागेचाही आधार मिळतो. सायबेरियन ओलसर गवत, पाणकणसं, उभी पिकं पसंत करतो. कवड्या कोरड्या मोकळ्या रानात, कुंपणावर, नांगरटीच्या ढेकळांवर. पण जागा हा आधार समजा, पुरावा नको, कारण कॅनॉलच्या कडेला दोघी एकाच तारेवर बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुमच्या भागातल्या अशा जोड्या लिहा. कोणत्या मादीपाशी तुम्ही थांबता, आणि कशावरून ठरवता?

नवी_दुर्बीण

फार गरजेचा धागा! मी याच वर्षी सुरुवात केली आहे. आमच्या गावी (जेजुरीच्या अलीकडे) बाजरी काढल्यावर खळ्यावर चिमण्यांचा थवा येतो. त्यात काही जणी जरा जाड, जाड चोचीच्या दिसतात. त्या सुगरणी असतील का? घरटी तर पावसाळ्यातच संपली. पिवळ्या डोक्याचा एकही नर दिसत नाही.

तरवड (पुणे)

@नवी_दुर्बीण, असतील, आणि त्यांत नरही असू शकतील. विणीचा हंगाम संपला की सुगरण नराचा पिवळा रंग जातो आणि तो मादीसारखा दिसायला लागतो. त्यामुळे हिवाळ्यातल्या थव्यात ‘सगळ्या माद्या’ असं लिहू नका, ‘सुगरण, साध्या पिसाऱ्यात’ असं लिहा. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते, छाती-पोट साधं राखट. सुगरणीची चोच बुडाशी जाड आणि शंकूसारखी, छातीवर पिवळट-मातकट झाक. छातीवर ठळक उभ्या रेघा दिसल्या तर मात्र थांबा आणि फोटो काढा, ती रेघांची सुगरण असू शकते. ती पाणथळीच्या, पाणकणसांच्या आसपास असते.

भिगवणकर

बदकांबद्दल लिहितो. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळ बाजूला, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये जो येतो तो म्हणतो, ‘सगळ्या माद्याच आल्या आहेत.’ तसं नसतं. उन्हाळ्यात, विणीनंतर बदकांचे नर झळाळी टाकून देतात आणि मादीसारखा पिसारा घेतात. याला एक्लिप्स म्हणतात. आपल्याकडे पोचतात तेव्हा बरेच नर अजून त्यातच असतात. गार्गनी, म्हणजे भुवई बदक, त्यात सगळ्यात उशिरापर्यंत राहतं. इतर नर डिसेंबरात रंगात आलेले असतात तेव्हाही गार्गनीचे नर मादीच्या रूपात फिरत असतात. म्हणून ‘मादी’ लिहायच्या आधी पंख बघा. गार्गनीचा नर उडाला की पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी चमकतो, एक्लिप्समध्येही. मादीचा तो भाग मळकट असतो.

पाण्यावर बसलेल्या माद्यांना मी आकारावरून वेगळं करतो. थापट्याची चोच फावड्यासारखी, तिथे शंकेला जागाच नाही. तलवार बदकाची मादी लांब मानेची, सडपातळ, चोच संपूर्ण राखाडी, चेहरा साधा आणि शेपटी टोकदार. गॅडवॉलच्या मादीचं कपाळ उभं, चोचीच्या कडा नारिंगी, आणि पंख जरा हलले की मागच्या कडेला पांढरा चौकोन दिसतो. विजनची मादी गोल डोक्याची, चोच आखूड निळसर आणि टोकाला काळी, अंगावर विटकरी छटा.

वेळ खातात त्या गार्गनी आणि कॉमन टील. दोघी लहान, दोघी ठिपक्या-ठिपक्यांच्या. गार्गनीचा चेहरा पट्ट्यांचा: भुवई फिकट, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ, आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका. टीलचा चेहरा त्या मानाने साधा. टीलच्या शेपटीच्या बुडाशी, बाजूला, एक फिकट आडवी रेघ असते. ही रेघ लांबूनही दिसते आणि मला चेहऱ्यापेक्षा तिचा जास्त उपयोग होतो. उडताना पंखावरचा चकचकीत पट्टा, म्हणजे स्पेक्युलम, बघा. टीलचा हिरवा, आणि त्याच्या पुढची पांढरी पट्टी मागचीपेक्षा रुंद. गार्गनीच्या मादीच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी साधारण सारख्या पांढऱ्या कडा.

एक कळकळीची विनंती. स्पेक्युलम दिसावा म्हणून नावाड्याला बदकांच्या अंगावर होडी घालायला सांगू नका. दिवसभरात बदकं स्वतःहून पंख ताणतात, पंख फडफडवतात, भोवत्या डोक्यावरून गेला की उठतात. दहा मिनिटं एका जागी थांबलं तर पंख दिसतोच.

अबोली (सावंतवाडी)

कोकणात आमच्या परसात हाच प्रश्न शिंजीरांचा, म्हणजे सूर्यपक्ष्यांचा. केळफुलावर, जास्वंदीवर दिवसभर असतात आणि लोक माद्यांना सरसकट ‘पिवळा पक्षी’ म्हणतात.

जांभळ्या शिंजीराची मादी पाठीला हिरवट-तपकिरी आणि खालून गळ्यापासून एकसारखी पिवळट. जांभळ्या पाठीच्या शिंजीराच्या मादीचा गळा पांढुरका, छाती पिवळी, कुशी पुन्हा पांढुरक्या, म्हणजे पिवळा रंग मधेच अडवलेला. आणि तिच्या पंखाच्या कडांना तांबूस झाक. सावलीत पिवळा कळला नाही तरी पांढरा गळा कळतो.

लोटेनचा शिंजीर आमच्याकडे आणि गोव्यात चांगला दिसतो. त्याची मादी जांभळ्या शिंजीराच्या मादीसारखीच, फक्त चोच लांब आणि चांगलीच वाकलेली. एकटी बसलेली असताना ‘लांब’ कशाच्या मानाने, हा प्रश्न येतो. मी डोक्याच्या लांबीशी ताडून बघते. लोटेनच्या मादीची चोच डोक्यापेक्षा उघड उघड लांब असते आणि तिचा बाक बुडापासून टोकापर्यंत जाणवतो.

सह्याद्रीच्या उतारावर, आंबोली बाजूला, आणखी दोघी. छोट्या किरमिजी पाठीच्या शिंजीराची मादी फारच लहान, आणि कंबरेवर मंद लालसर रंग असतो. पाठमोरी झाली की काम झालं. सह्याद्रीच्या मोठ्या शिंजीराची, म्हणजे व्हिगर्सच्या, मादीला पोटावर पिवळेपणा जवळजवळ नाही, ती राखट दिसते. हा पक्षी फक्त पश्चिम घाटाच्या उत्तरेकडच्या भागात आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याच्या मादीची नोंद ‘शिंजीर, मादी’ एवढ्यावर सोडली तर मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यानंतर जांभळ्या शिंजीराचा नरही रंग टाकतो. तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध गडद पट्टा उरतो आणि खांद्यावर निळी चमक. तो पट्टा असेल तर मादी नव्हे.

गोफण (मंगळवेढा)

नमस्कार. मी शेतकरी आहे, पक्ष्यांचा अभ्यासक नाही. पण ज्वारीची राखण लहानपणापासून केली आहे. आमच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की भारीट येतात. पिवळ्या पोटाचे. थवा असा बसतो की कणसं वाकतात. त्यातले थोडे काळ्या डोक्याचे, थोडे तांबड्या डोक्याचे, आणि बाकी सगळे साधे, मातकट, डोकं काही नाही. हे साधे कोण? दोन्हीच्या माद्या का? आणि त्या वेगळ्या कशा करायच्या? मोबाईलवर दोन फोटो काढलेत, टाकतो. लांबचे आहेत.

कुसळ

गोफणराव, स्वागत. तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असं की फोटोतले पक्षी ‘भारीट’ यापुढे जाणार नाहीत. काळ्या आणि लाल डोक्याच्या भारीटांच्या माद्या हिवाळ्यात वेगळ्या करणं जवळजवळ अशक्य. आणि जे अशक्य ते यादीत कशाला? अनिश्चित नोंद म्हणजे नोंदच नव्हे. नर मोजावेत, नरांच्या प्रमाणात माद्या धराव्यात. मी तरी तसंच करतो.

तरवड (पुणे)

@कुसळ, इथे मी ठामपणे असहमत आहे.

पहिली गोष्ट, नरांच्या प्रमाणात माद्या धरणं चूक आहे, कारण हे दोन्ही भारीट आपल्याकडे मिश्र थव्यात असतात, आणि नर-माद्यांचं प्रमाण सगळीकडे सारखं असेल असं गृहीत धरता येत नाही. कितीतरी स्थलांतरी पक्ष्यांत नर आणि माद्या हिवाळ्यात वेगवेगळ्या भागांत जास्त संख्येने राहतात. लालसरीसारख्या, म्हणजे कॉमन पोचार्डसारख्या बदकाचे नर उत्तरेकडे जास्त थांबतात, माद्या अधिक दक्षिणेला जातात. आपण फक्त नर मोजले तर आपल्या प्रदेशात मुळात कोण राहतं हेच चुकीचं नोंदवलं जाईल.

दुसरी गोष्ट, ‘भारीट, काळ्या किंवा लाल डोक्याचा, मादीसारखे, मोठा थवा, उभी ज्वारी’ ही चांगली नोंद आहे. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, अशा जोड्यांसाठी ‘हा किंवा तो’ असा पर्याय दिलेला असतो, तो याचसाठी. पुढे कोणी ज्वारीचं क्षेत्र आणि भारीटांचा संबंध पाहायला गेला तर ही नोंद उपयोगी पडेल. रिकामी जागा कोणाच्याच उपयोगाची नाही.

कुसळ

स्थलांतराचा मुद्दा पटला. नरांवरून प्रमाण काढणं थांबवतो. पण मग गोफणरावांना खुणा सांगा, नुसतं तत्त्व नको.

नान्नजकर (सोलापूर)

खुणा मी सांगतो, आमच्याकडे दर हिवाळ्यात हा प्रश्न असतोच.

आधी अपेक्षा ठरवून घेऊ. त्याच वर्षी जन्मलेले भारीट, नर असोत वा मादी, हिवाळ्यात बहुतेक वेळा सोडूनच द्यावे लागतात. पूर्ण वाढलेल्या माद्यांबाबत काही आधार आहेत. काळ्या डोक्याच्या मादीच्या पाठीवर आणि कंबरेवर तांबूस-विटकरी झाक असू शकते, आणि डोक्यावर, गालावर गडदपणाची चाहूल असते, जणू नराच्या टोपीची फिकट छाया. लाल डोक्याच्या मादीची पाठ वाळूसारखी राखट-तपकिरी, कंबर हिरवट-पिवळसर, तांबूस झाक नाही. चोचही जरा आखूड, शंकूसारखी. शेपटीखाली दोघी पिवळ्या, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. पाठ आणि कंबर दिसली तरच बोलायचं. समोरून काढलेला पिवळ्या पोटाचा फोटो कितीही स्वच्छ असला तरी निर्णय देत नाही.

आणखी एक अडचण आहे. इराणच्या उत्तर भागात, कॅस्पियनच्या आग्नेयेला, या दोन्ही जाती एकमेकींना भेटतात आणि त्यांच्यात संकर होतो. त्यामुळे मधल्याच खुणांचा पक्षी दिसला तर त्याला ओढून कुठल्याही बाजूला बसवू नका.

काळ वाया जात नाही, हे मात्र लक्षात ठेवा. नव्या पिसांच्या कडा फिकट असतात आणि त्या हळूहळू झिजतात. नराचं काळं डोकं जानेवारीत मातकट कडांखाली झाकलेलं असतं, मार्चमध्ये उघडं पडतं. माद्यांचंही तसंच, पाठीची छटा उशिरा स्पष्ट होते. म्हणून गोफणराव, फोटो काढायला सुगीनंतरचे, जाण्याआधीचे दिवस चांगले. बांधावरच्या बाभळीवर, बोरीवर ते बसतात तेव्हा बाजूने किंवा मागून घ्या.

काळ्या डोक्याचे हे भारीट बाल्कन आणि तुर्कस्तानातून येतात. युरोपातल्या बहुतेक स्थलांतरी पक्ष्यांसारखे ते आफ्रिकेत जात नाहीत, पूर्वेकडे वळून थेट आपल्या ज्वारीत उतरतात. लाल डोक्याचे मध्य आशियातून. म्हणजे तुमच्या एका शेतात दोन निरनिराळ्या दिशांचे पाहुणे एकाच कणसावर असतात.

गोफण (मंगळवेढा)

हे माहीत नव्हतं. नुकसान तर होतं, गोफण फिरवावीच लागते, ते कुणी नाकारणार नाही. पण येतात कुठून हे कळल्यावर बघणं बदललं. बांधावर लिंबाचं झाड आहे, काढणीनंतर थवा तिथे बसतो. मागून फोटो काढून टाकतो. थव्यात तांबूस पाठीचे किती आणि वाळूच्या रंगाचे किती, तेही बघतो.

पाणलावा

थोडक्यात एक भर. मादी म्हणजे फिकट असं धरून चालू नका. रंगीत पाणलाव्यात मादीच रंगदार असते: गळा-छाती गर्द तांबडी, डोळ्याभोवती पांढरी चकती. नर मळकट आणि ठिपक्यांचा. अंडी उबवतो तो नर, संध्याकाळी घुमते ती मादी. यादीत ‘मादी’ म्हणून नोंदवलेला मळकट रंगीत पाणलावा बहुतेक वेळा नर असतो.

नान्नजकर (सोलापूर)

आता भोवत्यांवर येतो. ज्या माद्यांची ओळख चुकल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं त्या या, असं माझं मत आहे.

पॅलिड आणि माँटेग्यू दोन्ही आपल्या माळांवर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत असतात. नर सोपे. पॅलिडचा फिकट, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर. माँटेग्यूचा जरा गडद, पंखावर काळी रेघ. माद्या दोन्ही तपकिरी, दोघींच्या कंबरेला पांढरा पट्टा, दोघींच्या शेपटीवर आडवे पट्टे. पांढरी कंबर बघून जात सांगणारा माणूस दिसला तर त्याला प्रेमाने थांबवा. त्या खुणेवरून ती दलदलीतल्या भोवत्याची मादी नाही एवढंच कळतं. दलदलीतली मादी गडद चॉकलेटी, डोकं आणि गळा मलईच्या रंगाचा.

आधी वय. पोट एकसंध नारिंगी-तांबूस आणि रेघा नाहीत, तर ते त्या वर्षीचं पिल्लू. फिकट पोटावर उभ्या रेघा, तर मोठी मादी. हे आधी ठरवलं नाही तर पुढच्या खुणा चुकीच्या पक्ष्याला लावल्या जातात.

मग चेहरा. पॅलिडच्या मादीचा गाल गडद, त्याच्यामागे स्वच्छ फिकट गळपट्टा, आणि त्यामागे पुन्हा गडद मान. दोन गडद भागांमध्ये असल्यामुळे तो गळपट्टा उठून दिसतो. माँटेग्यूच्या मादीच्या डोळ्याभोवती पांढरा भाग जास्त, गालावर गडद डाग, पण त्यामागे तसा गळपट्टा नाही, मानेच्या बाजूही गडद नाहीत.

मग पंखाची खालची बाजू, आणि इथेच निर्णय होतो. माँटेग्यूच्या मादीच्या पंखाच्या मागच्या भागात गडद पट्टे असतात आणि त्यांच्यामधला फिकट पट्टा रुंद, अंगापर्यंत तसाच स्पष्ट येतो. काखेतली पिसं ठळक तांबूस पट्ट्यांची. पॅलिडच्या मादीचा तोच भाग एकूण काळपट, फिकट पट्टे अंगाकडे येता येता विरत जातात, आणि काखेत ठळक पट्टे नाहीत. वरच्या बाजूने, पंखाच्या मागच्या भागावर एक स्पष्ट गडद आडवी पट्टी दिसली तर ती माँटेग्यूकडे झुकते.

बसलेली असेल तर पंखांची टोकं बघा. माँटेग्यूची शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात, पॅलिडची अलीकडेच थांबतात.

हे सगळं सपाट उजेडात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक मादी तांबूस होते आणि प्रत्येक गळपट्टा चमकतो. सूर्य मावळताना काढलेल्या फोटोवरून मी पोटाचा रंग बघून काहीच सांगत नाही, फक्त पंखाचे पट्टे बघतो.

नुकसान कसलं, तर पॅलिड जगभरात ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात मोडतो. थव्यातल्या माद्या आणि पिल्लं मिळून नरांपेक्षा जास्त असतात. त्यांना ‘भोवत्या’ म्हणून सोडलं, किंवा अंदाजाने माँटेग्यूच्या खात्यात टाकलं, तर एखादा माळ पॅलिडसाठी किती मोलाचा आहे ते कागदावर येतच नाही. आणि आपले माळ कागदावर अजूनही ‘पडीक जमीन’ आहेत. तिथे सौरऊर्जेचे प्रकल्प, लागवडी, खाणी यांचा प्रस्ताव आला की आपल्या हातात नोंदीच असतात.

तरवड (पुणे)

हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

मुक्कामाबद्दल एक जोडते. भोवते संध्याकाळी गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. गुजरातच्या वेळावदरमध्ये तर जगातल्या मोठ्या मुक्कामांपैकी एक आहे. आपल्याकडे असे मुक्काम लहान असतात आणि म्हणून जास्त नाजूक. जागा सापडली तर ती इथे जाहीर लिहू नका, आणि गवतात गाडी घालू नका. लांबून, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, उतरायच्या आधी घिरट्या घालताना पंख बघून घ्या. अंधार पडायला लागला की मोजणी संपली, असं समजायचं.

कुसळ

अॅपबद्दल कोणीच लिहिलं नाही. मर्लिन फोटोवरून लगेच नाव सांगतं. भोवत्याच्या मादीला एकदा पॅलिड म्हणालं, त्याच पक्ष्याच्या पुढच्या फोटोला माँटेग्यू. कशावर भरवसा ठेवायचा?

भिगवणकर

अॅपचं उत्तर ही सुरुवात समजा. ते दोन-तीन शक्यता देतं, त्या घ्या आणि त्या दोघींत नेमका फरक कुठे आहे ते शोधा. तो भाग तुमच्या फोटोत आहे का? काख दिसत नसेल, कंबर झाकलेली असेल, तर अॅपलाही ती दिसत नाही. तुमच्या दोन फोटोंत बहुधा एकात पंख वर आहे, एकात खाली. ज्यात खालची बाजू उघडी आहे तोच इथे टाका.

कुसळ

टाकला. पंख पूर्ण उघडा आहे, ऊन मागून आहे.

नान्नजकर (सोलापूर)

@कुसळ, फोटो चांगला आहे. पोटावर रेघा, म्हणजे मोठी मादी. पंखाचा मागचा भाग बघा: फिकट पट्टा रुंद आहे आणि अंगाला टेकेपर्यंत पुसट होत नाही. काखेत तांबूस पट्टे मोजता येतात. गालामागे गळपट्टा नाही. माँटेग्यू.

नवी_दुर्बीण

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचा एक प्रश्न, म्हणजे आजचा शेवटचा. विजेच्या तारेवर खरुचीची (केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याची) मादी बसते, पाठ विटकरी, काळे आडवे ठिपके. ती लहान खरुची असण्याची शक्यता आहे का? माळावर टोळ-नाकतोडे खात होती.

तरवड (पुणे)

शक्यता कमी, पण तपासण्यासारखी. नाकतोडे दोघीही खातात, त्यामुळे खाण्यावरून ठरत नाही. बसलेली असेल तर पायाकडे दुर्बीण लावा. लहान खरुचीची नखं पांढुरकी असतात, नेहमीच्या खरुचीची काळी. जवळून, चांगल्या उजेडात हे दिसतं. तारेखाली उभं राहू नका, रस्त्याच्या पलीकडून बघा, म्हणजे ती बसून राहील.

नवी_दुर्बीण

आज सकाळी गेले होते. नखं काळी.